पीएस४ ची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, बाबांचा सेव्ह कसा वाचवू?

कूलरखालचा
गुरुवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून लिहून राहिलो. घरी जुना पीएस४ (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) आहे. जाड मॉडेल, सीयूएच-१२०० मालिकेतला, ५०० जीबीचा. २०१६ मध्ये दादाने पहिल्या पगारातून घेतला होता. दादा आता पुण्यात असतो. मशीन म्हणायला माझ्याकडे आहे, पण खरा मालक म्हणाल तर बाबा.

बाबा २०२० मध्ये रिटायर झाले, ऐन लॉकडाउनमध्ये. निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. तेव्हापासून क्रिकेटच्या गेममध्ये करिअर मोड खेळतात. त्यांचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज आहे आणि 'जामठा इलेव्हन' नावाचा स्वतः बनवलेला संघ. अकरा सीझन झालेत, आणि ती सगळी प्रगती मशीनमधल्या सेव्हमध्ये आहे. दुपारी जेवण, एक डुलकी, मग सामना. हा क्रम कोणी मोडायचा नाही.

गेल्या आठवड्यापासून मशीन मधेच गोठते. आतून टक-टक असा बारीक आवाज येतो. दोनदा सीई-३४३३५-८ हा एरर आला, म्हणजे डिस्कच सापडत नाही म्हणते. बंद करून पुन्हा सुरू केलं की चालते, पण किती दिवस चालणार?

सेटिंगमधून पूर्ण बॅकअप घ्यायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा ३८ टक्क्यांवर अडकला, दुसऱ्यांदा ४१ वर. बर्डीच्या बाजारात एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, "नवीन टाकून देतो, जुनं सगळं जाईल, त्यात काय एवढं." त्यात काय एवढं हे मी घरी सांगू शकत नाही.

दोन प्रश्न. सेव्ह कसा काढू? आणि नवीन डिस्क कोणती घेऊ?

हो, एक राहिलं. बाबांचा युजर साधा लोकल आहे, पीएसएन खातं (सोनीचं ऑनलाइन खातं) नाही. "मला आणखी एक पासवर्ड नको" म्हणून त्यांनी काढूच दिलं नाही.

बर्डीचा_राजा
गुरुवार, रात्री ११:५८

एवढं कायले टेन्शन घेतो? एक्सटर्नल डिस्क घे, मागे यूएसबीत लाव, झालं. दहा मिनिटांचं काम.

सदरबाजारी
शुक्रवार, सकाळी ७:१०

राजाभाऊ, तसं नाही होत. एक्सटर्नलची सोय मार्च २०१७ मध्ये ४.५० अपडेटसोबत आली. २५० जीबी ते ८ टीबी, यूएसबी ३ ची डिस्क चालते. पण तिच्यावर फक्त गेम आणि ॲप जातात. सेव्ह डेटा आणि सिस्टिम आतल्या डिस्कवरच राहतात. आतली मेली की एक्सटर्नल लावलेली असून नसल्यासारखी. जागा कमी पडत असती तर तुमचा उपाय बरोबर होता. इथे दुखणं वेगळं आहे.

तर्री_जास्त
शुक्रवार, सकाळी ९:२५

मी तं मागच्या वर्षी हेच केलं होतं, म्हणून माझा गाढवपणा सांगतो, तू करू नको.

नवीन डिस्क टाकली, झाकण लावलं, सुरू केलं. पडद्यावर आलं, सिस्टिमची फाइल असलेला पेन ड्राइव्ह लावा. मी पहिलेच डाउनलोड करून ठेवला होता, छाती फुगवून लावला. एरर आला, एसयू-४१३३३-४. पुन्हा लावला, तेच. पेन ड्राइव्ह बदलला, तेच. रात्रीचे दीड वाजले, बायको म्हणे झोपा आता. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं की कंपनीच्या साइटवर दोन फाइल असतात. एक नुसती अपडेटची, एक नव्याने सिस्टिम टाकायची. दोघींचं नाव एकच! नव्याने टाकायची फाइल मोठी असते, १ जीबीच्या आसपास. अपडेटची तिच्या अर्धी. मी अर्धी घेऊन बसलो होतो.

आणखी एक. पेन ड्राइव्हमध्ये आधी पीएस४ नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात अपडेट नावाचा, त्यात ती फाइल. नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच. ब्राउझरने फाइलच्या नावाला कंसात एक लावून दिला असंल तं तो काढ. मशीनले तेवढंही खपत नाही.

रेघोटी
शुक्रवार, सकाळी ११:०३

कूलरखालचा, सगळ्यात आधी: ते मशीन आत्ता बंद कर आणि बाबांना दोन दिवस टीव्हीवर बातम्या पाहायला सांग. टक-टक करणारी डिस्क म्हणजे आत वाचणारं डोकं जागा शोधत फिरतंय. प्रत्येक सामन्याला तिचं आयुष्य कमी होतंय.

आता तुझा बॅकअप ३८ टक्क्यांवर का अडकतो ते सांगते. पूर्ण बॅकअप घेताना मशीन गेमसुद्धा उचलते. ५०० जीबीच्या पीएस४ वर वापरायला ४०८ जीबीच्या आसपास मिळतात, आणि तुझी डिस्क बहुतेक भरलेली असणार. म्हणजे शे-दोनशे जीबी गेम वाचताना ती खराब भागावर येते आणि आपटते. ते गेम तुला नकोच आहेत. सीडी घरात आहे किंवा पुन्हा डाउनलोड होतील.

बॅकअपच्या स्क्रीनवर काय काय घ्यायचं याची यादी येते. तिथे ॲप्लिकेशन्सवरची टिक काढ. मग उरतं सेव्ह, युजर, सेटिंग, स्क्रीनशॉट. काही जीबीचाच मामला. खराब भागात सेव्ह नसेल तर सुटलास.

नुसते सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करायची वेगळी सोय आहे, आणि बहुतेक लोक तेच सुचवतील. दादाचं पीएसएन खातं असेल तर त्याच्यासाठी ते चालेल, नव्या डिस्कवर तो लॉगिन झाला की त्याचे सेव्ह त्याला ओळखतील. बाबांचं तसं नाही. सेव्ह युजरला बांधलेला असतो. नव्या डिस्कवर 'बाबा' नावाचा दुसरा लोकल युजर काढलास तरी मशीनच्या लेखी तो वेगळा माणूस. नाव सारखं असून उपयोग नाही. क्लाउडवरही ठेवता येत नाही, त्याला पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची सेवा) लागतं. म्हणून बाबांसाठी रस्ता एकच: तोच वरचा बॅकअप, ॲप्लिकेशन्स सोडून, ज्यात युजरही जातो, आणि तो त्याच मशीनवर परत चढवायचा. दुसऱ्या पीएस४ वर चढवलास तर बाबांसारख्या लोकल युजरचे सेव्ह परत येत नाहीत, हे पण लक्षात असू दे. मशीन विकून दुसरं जुनं घ्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक.

ट्रॉफी (गेममधली बक्षिसं) बॅकअपमध्ये येत नाहीत. दादाच्या ट्रॉफी आधी पीएसएनशी सिंक कर. बाबांच्या जातील. त्यांना ट्रॉफींचं काही आहे का?

आणि कोणी सेफ मोडमधलं (दुरुस्तीसाठीचा वेगळा मेनू) पाच नंबरचं 'रिबिल्ड डेटाबेस' सुचवलं तर ऐकू नको. चांगल्या डिस्कवर ते छान काम करतं. मरणाऱ्या डिस्कला मात्र अख्खी चाळून काढायला लावतं.

कूलरखालचा
शुक्रवार, दुपारी १:१५

ताई, थँक्यू. मशीन बंद केलं. बाबांना ट्रॉफी म्हणजे काय हेच माहीत नाही, रणजी ट्रॉफी सोडून.

बॅकअप कशावर घेऊ? घरात ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. आणि बाबांच्या मित्राने २ टीबीचा पेन ड्राइव्ह दिलाय, त्यांना फार स्वस्तात मिळाला म्हणे.

सदरबाजारी
शुक्रवार, दुपारी १:२२

तो २ टीबीवाला हात लावू नको!! स्वस्तातले असले ड्राइव्ह बनावट असतात. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप, वर २ टीबी सांगणारा खोटा प्रोग्राम. कॉपी झाल्यासारखं दाखवतो आणि मागचं पुसत जातो. अकरा सीझन त्याच्यावर ठेवशील आणि उघडायला गेलास की रिकामा फोल्डर.

६४ जीबीवाला घे. एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, पीएस४ ला हे दोनच समजतात. एनटीएफएस चालत नाही.

पुणेकर_नाइलाजाने
शुक्रवार, दुपारी ३:४०

आता डिस्ककडे या. माझं मत स्पष्ट आहे, १ टीबीची साटा एसएसडी घे (एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क; साटा हा जोडणीचा प्रकार) आणि विषय संपव.

२.५ इंची साटा डिस्क हवी, जाडी ९.५ मिलिमीटरपर्यंत, क्षमता किमान १६० जीबी. हे माझं म्हणणं नाही, मशीनच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. डिस्क बदलण्याची कृतीही पुस्तिकेतच आहे, त्यामुळे मशीन उघडलं म्हणजे गुन्हा केला असं काही नाही. लोक ४ टीबीची लॅपटॉप डिस्क आणतात आणि ती १५ मिलिमीटर जाड निघते. बसत नाही. कानस घेऊन बसलेला माणूस मी पाहिलाय.

बर्डीचा_राजा
शुक्रवार, दुपारी ३:५१

एसएसडी टाकून पीएस४ चं पीएस५ होते का? उगाच पैसे. साधी २ टीबीची घे, त्याच पैशात दुप्पट जागा.

पुणेकर_नाइलाजाने
शुक्रवार, दुपारी ४:०५

पीएस५ होत नाही, हे मान्य. पहिल्या पिढीचा पीएस४ साटा २ वर आहे, म्हणजे कागदावर सेकंदाला ३०० एमबी, हाती त्याहून कमी. एसएसडी ५०० देत असली तरी वरचं वायाच. शिवाय वाचलेला डेटा उलगडायला आतला प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झचा, तो त्याच्याच चालीने चालणार. म्हणून फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. पीएस४ प्रो मध्ये साटा ३ आहे, तिथे जरा जास्त जाणवतो.

पण माझा मुद्दा वेगाचा नाहीच. २ टीबीच्या ज्या लॅपटॉप डिस्क आज मिळतात त्यातल्या बहुतेक एसएमआर पद्धतीच्या. कौलांसारख्या एकावर एक पट्ट्या लिहितात. एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. आणि पीएस४ गेमचं अपडेट टाकताना अख्ख्या गेमची प्रत करते, म्हणून ५० जीबीच्या गेमला छोटं अपडेट आलं तरी तेवढीच जागा पुन्हा मोकळी मागते. असलं लिहिणं एसएमआरवर आलं की 'कॉपी होत आहे' बघत बसा.

काका_६४
शुक्रवार, सायंकाळी ५:३०

मी बाबांच्याच वयाचा, म्हणून बोलतो. गती वगैरे ठीक. पण डिस्क मेली कशाने याचा कोणी विचार केला का? हैद्राबाद-पुण्याचे लोक नागपूरचा मे विसरतात. या मशीनच्या कागदपत्रांत चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून दुपारी घराबाहेर तर सोडाच, माळ्याखालच्या खोलीतही ३५ राहत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ होतं. बाबा दुपारच्या डुलकीनंतर खेळतात म्हणता, म्हणजे नेमके दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेला.

आणि चिरंजीव, तुमच्या नावातच उत्तर आहे. मशीन कूलरखाली आहे का?

कूलरखालचा
शुक्रवार, सायंकाळी ५:४४

काका, अगदी खाली नाही. समोर आहे. हवा थेट मशीनवर येते, आम्हाला वाटलं थंड राहील.

काका_६४
शुक्रवार, सायंकाळी ५:५२

थंड राहील आणि ओलं पण राहील. खसच्या ताटीतून आलेली हवा म्हणजे पाण्याची वाफच. त्यात नवीन ताटीचा भुसा पहिले पंधरा दिवस उडत असतो, तो सगळा पंख्यात. झाकण उघडाल तेव्हा बघा काय निघतं. कूलर राहू द्या, मशीन बाजूच्या भिंतीला न्या. मागे वीतभर जागा सोडा.

एसएसडीच घ्या. फिरणारा भाग नाही. इथल्या लाइटचाही भरवसा नाही, लिहिता लिहिता लाइट गेली की फिरणारी डिस्क बिचकते.

रेघोटी
शुक्रवार, सायंकाळी ६:२०

काकांना एक दुरुस्ती, रागावू नका. लाइट गेल्यावर एसएसडीचाही डेटा बिघडू शकतो. धक्क्याने, उष्णतेने यांत्रिक भाग जातो तेवढं तिच्यात नाही. छोटा यूपीएस असेल तर दोघींनाही बरा. आणि रिस्टोर सुरू असताना तर यूपीएस हवाच.

विचारतो_फक्त
शुक्रवार, रात्री ८:१४

जरा विषयांतर. माझ्याकडे पीएस५ आहे, त्यात ही साटा एसएसडी टाकता येईल का?

सदरबाजारी
शुक्रवार, रात्री ८:३१

आत नाही. पीएस५ ला एम.२ एनव्हीएमई (पट्टीसारखी, जास्त वेगवान एसएसडी) लागते, जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची, वाचण्याचा वेग सेकंदाला ५५०० एमबी किंवा वर, आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) सक्तीचा. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती खाच खुली झाली. साटावाली यूएसबी खोक्यात घालून बाहेर लाव, पीएस४ चे गेम तिच्यावरून चालतील. पीएस५ चे तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळताना आत आणावे लागतात. बाकी वेगळा धागा काढ ना भाऊ, इथे बाबा आयसीयूत आहेत.

कूलरखालचा
शनिवार, सकाळी ६:०८

मंडळी, झाला!!

काकांचं वाचून पहाटे साडेचारला उठलो. खोलीत तेव्हा त्यातल्या त्यात गारवा होता, मशीन रात्रभर बंद. ॲप्लिकेशन्सची टिक काढली, बॅकअप सुरू. मशीन मधे स्वतःच बंद होऊन चालू झालं तेव्हा पोटात गोळा आला. टक-टक चालूच होतं. ६२ टक्क्यांवर एकदा तीन-चार मिनिटं हललं नाही. मी हात जोडून बसलो होतो, आई चहा घेऊन आली तर म्हणे कोणती पूजा आहे. पण झाला. साडेसहा जीबी. अकरा सीझन आणि दादाचे कॉलेजचे सगळे स्क्रीनशॉट.

पेन ड्राइव्ह लगेच लॅपटॉपवर कॉपी केला. तिसरी प्रत दादाला पाठवली.

रेघोटी
शनिवार, सकाळी ८:४०

शाब्बास. आता ती जुनी डिस्क पुन्हा सुरू करू नको. स्क्रू काढायला फिलिप्सचा एक नंबरचा पेचकस घे, सपाट नको.

कूलरखालचा
रविवार, रात्री १०:१७

पूर्ण अहवाल देतो. मोठा आहे, पण तुम्हाला हक्क आहे.

बर्डीवर मोदी नंबर तीनमध्ये फिरून १ टीबीची साटा एसएसडी घेतली, ७ मिलिमीटरची, बिल घेऊन. एका दुकानात "बिल हवं तर वेगळा भाव" ऐकलं, तिथून निघालो.

वरचं डावीकडचं झाकण बाहेरच्या बाजूला सरकवलं की निघतं, त्याला स्क्रूच नाही. आत भुसा. काका, तुमच्या पाया पडतो, अक्षरशः खसचा भुसा होता, चिमूटभर नाही, वाटीभर. ब्लोअर मागून आणला शेजाऱ्यांकडून.

डिस्कच्या ट्रेला एक मोठा स्क्रू असतो, त्याच्यावर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन कोरलेले. तो सहज निघाला. ट्रेमधून डिस्क सोडवायला चार छोटे स्क्रू. तीन निघाले. चौथ्याचं डोकं झिजलं, पेचकस नुसता फिरायला लागला. मी घाम पुसत बसलो. बाबा मागे उभे राहून पाहत होते. काही न बोलता आत गेले, ग्रॅच्युइटीच्या कागदांच्या गठ्ठ्याचं रबरबँड काढून आणलं, स्क्रूवर धरलं, त्यावरून पेचकस दाबून फिरवला. निघाला. "ऑफिसात टेबलफॅन असेच उघडायचो," एवढंच म्हणाले.

नवीन डिस्क, चार स्क्रू, ट्रे आत, झाकण. मग पॉवरचं बटण दाबून धरलं, दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद. कंट्रोलर केबलने जोडला, सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही. सात नंबरचा पर्याय, नव्याने सिस्टिम. तर्रीभाऊ, मोठी फाइल घेतली होती, पहिल्या फटक्यात चालली. एक नवा युजर काढून आत गेलो आणि बॅकअप रिस्टोर केला. तो रिस्टोरमध्ये पुसला गेला, तसं आधी विचारतेच मशीन. यूपीएस दुकानदार मित्राचा उसना.

पुन्हा सुरू झालं तेव्हा पडद्यावर दोन चेहरे: दादा आणि बाबा. बाबांनी नुसतं "हं" केलं.

इथे खरा हार्ट अटॅक. सीडी टाकली, गेम इन्स्टॉल झाला, बाबांनी थांबायचं कबूल करूनही लगेच सुरू केला. करिअर उघडायला गेले तर सेव्ह लोड होत नाही. बाबा माझ्याकडे पाहतात, मी बाबांकडे. अकरा सीझन गेले असंच वाटलं. पाच मिनिटांनी कोपऱ्यात दिसलं की गेमचं अपडेट अजून डाउनलोड होऊन राहिलंय. सेव्ह नव्या आवृत्तीचा, सीडीवरचा गेम जुना, तो बिचारा काय वाचणार? अपडेट पूर्ण झाल्यावर जामठा इलेव्हन जसाच्या तसा.

जागा ८६० जीबीच्या आसपास दाखवते. लोडिंगचं घड्याळ लावून पाहिलं. आधी सामना उघडायला १ मिनिट ५० सेकंद लागायचे, आता ५५. बाबांना हे आवडलेलं नाही. पूर्वी लोडिंगला लावून ते कूलरच्या टाकीत पाइप सोडून यायचे. आज सामना आधी सुरू झाला, पाणी भरायचं राहिलं, आणि पंप दुपारभर कोरडा चालला. जळाला. उद्या पुन्हा बर्डी.

बर्डीचा_राजा
रविवार, रात्री १०:३०

पंपासाठी गुजरवाडीत पाय, बर्डीपेक्षा स्वस्त भेटते. जुन्या डिस्कचं काय करून राहिला? भंगारात देत असशील तं लोकं डेटा काढतात म्हणे.

पुणेकर_नाइलाजाने
रविवार, रात्री १०:४१

पीएस४ ची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते, लॅपटॉपला लावून कोणाला काही वाचता येणार नाही. बिनधास्त दे.

कूलरखालचा
रविवार, रात्री १०:४९

देणार होतो. बाबांनी काढून घेतली. ग्रॅच्युइटीच्या गठ्ठ्यात ठेवलीय, वर तेच रबरबँड.